पहिली लाथ मोजायची नाही

शॉमबर्गमध्ये प्रल्हाद वझलवार कुठे राहतात असं विचारलंत, तर समोरचा डोकं खाजवेल. ‘लाथवाले काका’ म्हणालात, की पत्ता, फोन नंबर आणि त्यांना चहात साखर किती लागते हेसुद्धा न विचारता सांगेल. साठीला टेकलेला, बारीक अंगाचा, टक्कल आणि मिशी दोन्ही बाळगून असलेला हा माणूस आठवड्याचे पाच दिवस एका विमा कंपनीचा डेटाबेस सांभाळतो. शनिवारी सकाळी साडेदहाला मात्र तो पांढरा ढगळ पोशाख चढवतो, कमरेला काळा पट्टा बांधतो आणि मराठी शाळेच्या हॉलमध्ये चाळीस मुलांकडून हवेला लाथा मारून घेतो. तायक्वांदो नावाची ही कोरियन विद्या ते पंचवीस वर्षं शिकवताहेत. शिकागोच्या त्या बाजूला ती मराठीतून शिकवणारे ते पहिलेच. दुसरा अजून कुणी झालेला नाही, ही गोष्ट वेगळी.

सुरुवात भांडणातून झाली. प्रल्हादकाका नव्व्याण्णव साली नागपूरहून आले तेव्हा जगभरचे कॉम्प्युटर दोन हजार साल उजाडताच बंद पडणार अशी आवई होती, आणि ते पडू नयेत म्हणून जी माणसं आणली गेली त्यात हे होते. कॉम्प्युटर पडले नाहीत, काका राहिले. पुढच्या वर्षी मराठी शाळा निघाली. तासभर बाराखडी गिरवून पोरं अशी काही पिसाळायची, की एका शनिवारी दोघांनी मारामारी करताना हॉलचा प्रोजेक्टर लाथेनं पाडला. आया ओरडत होत्या, बाप कॉफीचे कप धरून एकमेकांकडे बघत होते. काका मात्र त्या पोरांजवळ जाऊन म्हणाले, “लाथ अशी मारतात का बे? गुडघा कुठे आहे तुझा? आधी गुडघा वर घे.” दोघांची मारामारी तिथंच थांबली आणि क्लास सुरू झाला.

काकांची विद्या कुंभलकर सरांची. नागपुरात एका शाळेच्या मैदानावर सर पहाटे क्लास घ्यायचे. सरांनी स्वतः ही विद्या मुंबईला एकवीस दिवसांच्या शिबिरात एका कोरियन मास्तराकडून घेतली होती. वही-पेन बरोबर नेलं नव्हतं. एकवीस दिवसांत जेवढं डोक्यात राहिलं तेवढं घेऊन ते परत आले आणि त्यावर त्यांनी तीस वर्षं क्लास चालवला. आता डोकं म्हणजे काही कपाट नव्हे. ठेवलं तसंच्या तसं निघेल याची खात्री कुणी द्यायची?

सरांच्या क्लासमधल्या आज्ञा कोरियन होत्या, म्हणजे तसं सगळे समजत होते. ताठ उभं राहायचं असलं की सर ओरडायचे, “चार योद्धे!” चार दिशांना चार योद्धे उभे आहेत, त्यांच्यासारखे उभे राहा, असा त्याचा अर्थ सर सांगत. कमरेत वाकून नमस्कार करायचा असला की आज्ञा होती, “कुंकू ने!” हिचा अर्थ सरांनी कधी सांगितला नाही आणि सरांना विचारायची नागपुरात कुणाची छाती नव्हती. सुरू करायला “शिजव!”, आणि संपलं की “बरं!” शॉमबर्गात जन्मलेली, घरी आईला इंग्रजीत उत्तरं देणारी पोरं पंचवीस वर्षं एका सुरात कुंकू नेत होती.

आणि मोजणी. मोजणीची सुरुवात व्हायची “हाणा!” या आज्ञेनं. हाणा म्हटलं की हाणायचं, यात समजावण्यासारखं काही नव्हतं. त्यानंतर आकडे: दूल म्हणजे एक, सेट म्हणजे दोन, नेट म्हणजे तीन, असं करत योल म्हणजे नऊ. पुढचा आकडा सर मुंबईलाच विसरून आले असावेत, कारण योलनंतर ते सरळ “दहा!” म्हणत. पण “हाणा” म्हटल्यावर जी पहिली लाथ जायची, तिचं काय? “ती मोजायची नाही,” सर सांगत. “गल्लीतल्या क्रिकेटात पहिला बॉल ट्रायलचा असते ना? तसंच. ती वाकडी गेली तरी चालते.” अशा एकूण अकरा लाथा व्हायच्या. अकरा हा आकडा आपल्याकडे कुठेही चालतो, म्हणून कुणाच्या आईबापांनीही कधी हरकत घेतली नाही.

तुम्ही म्हणाल, एवढा शिकलेला माणूस, पंचवीस वर्षांत एकदा फोनवर बघितलं नसेल? नाही बघितलं. ज्याची शंका येते ते माणूस बघतो. आपलं स्वतःचं नाव कुणी शोधून बघतं का? शिवाय काकांनी मुलांना कधी स्पर्धेला नेलं नाही. स्पर्धा म्हणजे नुसता दिखावा, हे सरांचं मत त्यांनी विद्येबरोबरच आणलं होतं. त्यामुळे बाहेरचं कुणी हे ऐकायला आलं नाही, आणि हे बाहेर गेले नाहीत.

बाहेरचं माणूस आणलं ते केयानं. केया ही काकांची सर्वांत जुनी विद्यार्थिनी. सात वर्षांची असताना आली होती, आता वीस वर्षांची होऊन स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकत होती. तिथल्या युनिव्हर्सिटीतल्या तायक्वांदो क्लबला शिकवायला कुणीतरी हवं होतं. केयाला ते फार मनापासून हवं होतं. पण काळा पट्टा मान्यताप्राप्त मास्टरचा पाहिजे, अशी अट होती, आणि लाथवाल्या काकांनी मराठी शाळेत दिलेला पट्टा त्यात बसत नव्हता. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती घरी आली आणि तिनं एक शक्कल लढवली. काकांच्या क्लासला पंचवीस वर्षं होत होती, गावातलं मराठी मंडळ त्यांचा सत्कार करणारच होतं. त्या सत्काराला तिनं ग्लेनव्ह्यूच्या मास्टर नाम यांना पाहुण्या म्हणून बोलावलं, आणि त्याच दिवशी त्यांनी तिची परीक्षा घ्यावी अशी विनंती केली. मास्टर नाम हो म्हणाल्या.

मास्टर नाम म्हणजे साधी असामी नव्हे. त्र्याहत्तर साली चोवीस वर्षांची ही बाई नर्स म्हणून शिकागोत आली. दिवसा हॉस्पिटल आणि संध्याकाळी एका चर्चच्या तळघरात क्लास. बाई शिकवते म्हणून पहिले सहा महिने कुणी फिरकलं नाही, तेव्हा तिनं रिकाम्या तळघरात स्वतःच मोजून स्वतःच लाथा मारल्या. आज तिचे विद्यार्थी सात राज्यांत क्लास चालवतात आणि शहात्तराव्या वर्षीही शनिवारचा पहिला वर्ग ती स्वतः घेते. हे सगळं केयानं सांगितल्यावर काकांची छाती भरून आली. अशी बाई आपला क्लास बघायला येणार! कुंभलकर सर असते तर नवीन शर्ट शिवून घेतला असता.

पाहुणीला काहीतरी द्यावं म्हणून सत्काराच्या आठ दिवस आधी काका नाइल्समधल्या कोरियन दुकानात गेले. आठ दिवस आधी, कारण ते विमानतळावर चार तास आधी जाऊन बसणाऱ्यांपैकी आहेत. तिथं मोठ्या पिवळसर पेअरच्या पेटीसमोर ते उभे असताना शेजारी एक कोरियन आजी नातवाला फळं पिशवीत टाकायला शिकवत होती.

“हाना!” आजी म्हणाली.

काकांचा उजवा गुडघा आपोआप वर आला. समोर फळांची पेटी होती म्हणून लाथ गेली नाही, एवढंच. ओशाळून त्यांनी पाय खाली घेतला आणि बघतात तर नातवानं कुणालाच हाणलं नव्हतं. त्यानं एक पेअर पिशवीत टाकलं होतं.

“दूल.” दुसरं पेअर.

“सेट.” तिसरं.

काका पेटीला धरून उभे राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधली एकानं हुकलेली मोजणी पकडण्यावर त्यांनी पगार घेतला होता. ती चूक दिसली की त्यांच्या मानेवर काटा यायचा. आत्ताही आला. त्यांनी स्वतःच्या पिशवीत फळं टाकून पुन्हा मोजलं. मग आजीला थांबवून, अगदी नम्रपणे, इंग्रजीत विचारलं की हाना म्हणजे मारा, असंच ना?

आजीनं नातवाला आपल्या मागे घेतलं. “हाना,” ती एक बोट वर करून म्हणाली. “वन.”

तिथून काका घरी कसे आले हे त्यांनाही सांगता येणार नाही. फळं घेऊन आले, एवढं खरं. त्यांची बायको सुवर्णा भाजी निवडत होती. काकांनी टेबलावर एका ओळीत दहा पेअर मांडली आणि सगळं सांगितलं. ती आधी हसली. पाच मिनिटं हसली, डोळे पुसले, परत हसली. मग नवऱ्याचा चेहरा बघून तिनं पाणी आणून दिलं.

“दोनशे पोरं, सुवर्णा,” काका म्हणाले. “दोनशेच्या वर पोरांना मी चुकीचं मोजायला शिकवलं. त्यांचं जाऊ दे, ते गेले कामाधंद्याला. पण केया? मास्टर नामसमोर ती अकरावी लाथ मारेल आणि ती बाई म्हणेल, हा कोण भोंदू आहे? याच्या हाताखाली शिकलेल्या पोरीला मी पट्टा कसा देऊ? तेरा वर्षं घातली आहेत तिनं. मी तिचं वाटोळं केलं.”

“मग तिला सांगा.”

“काय तोंडानं सांगू?”

“तर मग मास्टरबाईंना फोन करून कॅन्सल करा. सांगा, आम्हाला एक ते दहा मोजायला थोडा वेळ लागणार आहे.”

काकांनी फोन केला नाही. आणखी काही शोधूनही बघितलं नाही. एका चुकीनं एवढी हाडं मोडली होती, बाकीच्या बघायची हिंमत त्यांच्यात उरली नव्हती. दुसऱ्या दिवशीच्या क्लासला मात्र त्यांनी गुपचूप दुरुस्ती करून बघितली. मोजता मोजता योलवर आले आणि तोंड मिटून घेतलं. दहाच लाथा झाल्या होत्या. तोच चाळीस पोरांनी स्वतःच “दहा!” असं ओरडून अकरावी लाथ घातली. काकांनी तीनदा प्रयत्न केला. तीनदा तेच. तिसऱ्या वेळी सहा वर्षांचा देवांग, जो दोनच महिन्यांपूर्वी क्लासला लागला होता, तो काळजीनं म्हणाला, “काका, you forgot दहा.”

त्या आठवड्यात काकांना जेवण गेलं नाही. ऑफिसात त्यांनी एक अख्खा अहवाल दोनदा तपासला आणि तो बरोबर निघाला याचंच त्यांना वाईट वाटलं. शुक्रवारी त्यांनी ठरवलं, की परीक्षा सुरू होण्याआधी सगळ्यांसमोर उभं राहून सांगून टाकायचं. चूक माझी आहे, पोरांची नाही. मला काय शिक्षा द्यायची ती द्या, केयाला तिच्या लाथेवरून पारखा. हे त्यांनी कागदावर इंग्रजीत लिहून काढलं आणि पोशाखाच्या आत बनियनला पिनेनं लावलं, कारण त्या पोशाखाला खिसा नसतो.

शनिवारी हॉल खचाखच भरला. मास्टर नाम बरोबर दहा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी आल्या. उंची पाच फुटांच्या आत, केस पांढरेशुभ्र, पाठ अशी सरळ की हॉलमधल्या सगळ्यांनी त्यांना बघून आपापलं पोक सरळ केलं. दारात मंडळाच्या आसावरी मावशी हळदी-कुंकवाचं तबक घेऊन उभ्या होत्या.

“वेलकम, वेलकम. युअर नेम?”

“नाम.”

“येस, येस, नाम. व्हॉट इज युअर नाम?”

“नाम.”

मावशींनी केयाकडे वळून हळूच विचारलं, “बाईंना कमी ऐकू येतं का गं?” केयानं तबक काढून घेतलं आणि पाहुणीला आत नेलं.

मुलं उभी राहिली. मास्टर नाम टेबलामागे बसल्या, पुढ्यात कागद, हातात पेन. आज्ञा काकांनी द्यायच्या होत्या. काका पुढे आले, बनियनमध्ये हात घालून त्यांनी कागद काढला. तो घामानं असा भिजला होता की त्यावर फक्त ‘रिस्पेक्टेड’ हा एक शब्द वाचता येत होता.

“रिस्पेक्टेड,” काका म्हणाले आणि थांबले. मग कागद चुरगळून त्यांनी जे काही सुचलं ते सांगायला सुरुवात केली, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत, मधूनमधून नागपुरीत. पेअर सांगितली, आजी सांगितली. हाणा म्हणजे आमच्या भाषेत काय ते सांगितलं. “ही आमची चूक आहे. माझी. ह्या पोरांनी जे केलं ते मी शिकवलं म्हणून केलं. पंचवीस वर्षं मी ह्यांना एक म्हणजे काय तेच चुकीचं सांगत आलो. पोरांनो, मी तुमची माफी मागतो.”

आईबापांनी माना खाली घातल्या. आणि मग शेवटच्या टोकाकडून देवांगचा आवाज आला.

“We know, काका.”

“काय?”

“हाना is one. Everybody knows.”

काकांनी रांगेवरून नजर फिरवली. चाळीसच्या चाळीस जण आपापल्या पायाचे अंगठे बघत होते. केयाचे कान लाल झाले होते.

“केया, तुला माहीत होतं?”

“हो, काका.”

“कधीपासून?”

“नऊ वर्षांची होते तेव्हापासून. लायब्ररीत पुस्तक होतं.”

“आणि बाकीच्यांना?”

“नवीन कुणी आलं की मोठी मुलं त्याला दोन गोष्टी शिकवतात. पट्टा कसा बांधायचा, आणि काकांना सांगायचं नाही.”

आता काका चिडले. आठ दिवसांची भीती, लाज, उपास सगळं एकदम वर आलं. “म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मला येडा बनवून राहिले? मी इथं बोंबलतो आणि तुम्ही मनात हसता? काहून? अजून काय काय लपवलं आहे? बोल!”

केया अगदी बारीक आवाजात म्हणाली, “चार योद्धे.”

“त्यांचं काय?”

“तो शब्द ‘चारयोत’ आहे, काका. It just means attention. योद्धे नाहीत त्यात.”

“चारही नाहीत?”

“एकही नाही.”

हा वार काकांना जास्त लागला. हाणा गेला तो गेला, पण ते चार जण नागपूरपासून त्यांच्याबरोबर होते. ते मागच्या खुर्चीवर मटकन बसले. पहिल्या ओळीतल्या आसावरी मावशींनी घाईघाईनं विचारलं, “आणि कुंकवाचं?” पण त्यांना कुणी उत्तर दिलं नाही.

“मग सांगितलं का नाही?” काका म्हणाले. आता आवाजात राग नव्हता.

केया रांग सोडून पुढे आली. “मी सांगणार होते. खरंच. पुस्तक घेऊन आले होते त्या दिवशी. You remember, काका, मी तेव्हा कशी होते? मी सगळ्याला घाबरायचे. शाळेत हात वर करायचे नाही. क्लासमध्ये पण माझा पाय उचलायचा नाही, चुकेल म्हणून. आणि तुम्ही त्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसलात आणि म्हणालात, पहिली लाथ मोजायचीच नसते. ती वाकडी जाऊ दे, पडलीस तरी चालेल, ती धरतच नाही आपण. मग मी मारली.” तिनं नाक पुसलं. “पुस्तकात ती एक होती, काका. मोजलेली. मला ती मोजलेली नको होती. म्हणून मी पुस्तक परत नेऊन दिलं.”

काकांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. मागच्या ओळीत एका बापानं चष्मा काढून पुसायला घेतला.

मास्टर नाम यांनी पेनानं टेबलावर टकटक केलं. एवढा वेळ त्यांना कुणीतरी कानात भाषांतर करून देत होतं, आणि त्यांचा चेहरा पहिल्यासारखाच होता. “माझ्या पहिल्या वर्गात,” त्या इंग्रजीत म्हणाल्या, “हॅना नावाची एक मुलगी होती. मी मोजायला लागले की ती दर वेळी पुढे येऊन ‘येस, मॅडम?’ म्हणायची. मला वाटायचं, अमेरिकेत लाथ मारायच्या आधी परवानगी मागतात. दोन महिने मी सगळ्यांना तसं करायला लावलं.” हॉल हसला. त्या हसल्या नाहीत. “परीक्षा सुरू करू या.”

परीक्षा पाऊण तास चालली. मास्टर नाम यांनी कसलीही सूट दिली नाही. केयाकडून त्यांनी पुढची लाथ घेतली, वळून मारायची लाथ घेतली, ठरलेल्या हालचालींचे क्रम घेतले, आणि शेवटी दोन फळ्या तिच्या डोक्याच्या उंचीवर धरायला सांगितल्या. मोजणी त्या स्वतः करत होत्या, शुद्ध कोरियन, दहाच्या दहा. केयाची अकरावी लाथ तरीही गेली, दर वेळी, आणि दर वेळी मास्टर नाम यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. काका खुर्चीच्या कडेवर बसून ते पेन बघत होते. फळ्या एका आवाजात मोडल्या तेव्हासुद्धा ते पेनच बघत होते.

“मोजणी चूक,” शेवटी मास्टर नाम उभ्या राहून म्हणाल्या. “आज्ञा चूक. त्याचे गुण मी कापले आहेत. गुडघा, कंबर, टाच, नजर, सगळं बरोबर. इतकी चांगली पुढची लाथ माझ्याकडे दोघांचीच आहे. ही मुलगी पास.”

टाळ्या थांबेचनात. केयाची आई काकांच्या पाया पडायला निघाली होती, तिला सुवर्णानं धरून ठेवलं. मास्टर नाम यांनी हात वर केला.

“आता तुम्ही, मिस्टर वझलवार. हा काळा पट्टा कुणी दिला?”

“माझ्या सरांनी.”

“त्यांना कुणी दिला?”

काका अडखळले. “सरांनी तो सीताबर्डीच्या बाजारातून शिवून आणला होता,” ते म्हणाले. खरं बोलायचं ठरवलं होतं तर आता मागे कशाला हटायचं?

“तुम्ही कधी परीक्षा दिली?”

“नाही.”

“मग तुमचा पट्टा पांढरा. शिकवत राहा, ते तुम्हाला येतं. पण दर मंगळवारी संध्याकाळी ग्लेनव्ह्यूला माझ्या पहिल्या वर्गात यायचं. आणि आजपासून रांगेत आपल्या जागी उभं राहायचं.”

हॉलमध्ये कुजबुज झाली. पंचवीस वर्षांचा सत्कार ज्याचा, त्याचाच पट्टा उतरवायचा? मंडळाचे अध्यक्ष शाल हातात घेऊन कुठे उभं राहावं ते न कळून उभे होते. काकांनी मात्र कमरेची गाठ सोडली, सरांचा पट्टा घडी घालून सुवर्णाच्या हातात दिला आणि मास्टर नाम यांनी पुढे केलेला पांढरा पट्टा दोन्ही हातांनी घेऊन बांधला. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्यांना भूक लागल्यासारखं वाटलं.

कोरियन शिस्तीत रांग पट्ट्याच्या मानानं लागते. वरचा पट्टा उजव्या टोकाला, पांढरे डावीकडे, आणि पांढऱ्यांत सर्वांत नवा सर्वांत शेवटी. काका चालत चालत सगळी रांग ओलांडून गेले आणि देवांगच्या पलीकडे, अगदी शेवटच्या जागी, ताठ उभे राहिले.

देवांगनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. त्याला हे काही पटलं नाही. दोन महिने तो शेवटचा होता आणि ती जागा त्याची होती. तो काकांच्या मागून वळसा घालून गेला आणि त्यांच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

मग त्याच्या शेजारची मुलगी निघाली आणि देवांगच्या पलीकडे उभी राहिली. मग तिच्या शेजारचा. फक्त अनवाणी पावलांचा आवाज येत होता. पिवळे गेले, हिरवे गेले, निळे गेले. पलीकडच्या भिंतीशी जागा संपली तेव्हा पोरांनी रचून ठेवलेल्या खुर्च्या सरकवल्या, आसावरी मावशींना उठवलं, नाश्त्याचं टेबल दाराबाहेर काढलं. सर्वांत शेवटी केया निघाली. नवा काळा पट्टा बांधलेली केया सगळ्या रांगेसमोरून चालत गेली आणि निळ्यांनाही ओलांडून भिंतीला खांदा लावून उभी राहिली.

काका जागचे हलले नव्हते. ते अजूनही मास्टर नाम यांनी सांगितलेल्याच जागी होते. त्यांच्या उजव्या हाताला आता कुणीच नव्हतं.

मास्टर नाम यांनी रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग कागद उलटा ठेवला, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, “झालं सगळ्यांचं? मग सुरू करू.”